वळशाचा रस्ता

उचगावहून शाहूपुरीला कॉलेजात शिकवायला मी रोज एका ओळखीच्या रिक्षावाल्यांच्या रिक्षातून जायचो. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस, आवाज मात्र खणखणीत. सरळ रस्ता सोडून ते नेहमी वळसा घालत. एकदा उशीर होत होता, म्हणून मी चिडून कारण विचारलं.

"त्या रस्त्याला दारूचं दुकान हाय, पावणं. सोडून चार वर्सं झाली. आजा प्यायचा, बा प्यायचा. रक्तातच हाय म्हनत्यात लोकं. असंल की!"

पुढं एके दिवशी वळशाचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला निघाला. त्यांनी रिक्षा थांबवली आणि मागं न बघताच म्हणाले, "आज तिकडनंच जायला लागतंय. दुकान मागं पडंपतूर बोलत ऱ्हावा. कायबी बोला."

मी आईच्या गुडघेदुखीपासून वांग्याच्या भाजीपर्यंत सुचेल ते बोलत सुटलो. त्यांची मान ताठ होती आणि हँडलवरची बोटं पांढरी पडली होती. दुकान मागं पडलं तसा त्यांनी बाहीनं घाम पुसला.

"इच्छा झाली होती?" मी विचारलं.

"झाली की! ती काय इचारून येतीया व्हय? मन ऐकत न्हाय, पावणं. हँडल तेवढं ऐकतंय."

मी तत्त्वज्ञान शिकवतो. माणसाला स्वतंत्र इच्छा असते का, हा आमचा जुना वाद, आणि 'नसते' ही बाजू मी वर्षानुवर्षं जिंकत आलोय. त्या दिवशी वर्गात मात्र मला ती मांडवेना.