गॅलरी पाच ते आठ उघडी

चित्रांच्या गॅलरीची एक गंमत असते. चित्रं विकली जातात, किस्से मागे राहतात. भिंती रिकाम्या होत गेल्या तरी किस्स्यांचा स्टॉक वाढतच जातो, कारण त्याला गिऱ्हाईक नसतं!

साताऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझ्या बायकोने, शैलाने, सतरा वर्षं जलरंगांची चित्रं काढली, तिथेच टांगली आणि तिथेच लोकांशी भांडली. मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. चित्रातलं मला कळत नाही. संध्याकाळी पाचला शटर वर करायचं, आल्यागेल्याला चहा द्यायचा आणि भांडण ऐकायचं, एवढं माझं खातं. शैलाला जाऊन दोन वर्षं होतील. शटर अजूनही पाचलाच वर जातं.

*

कडेगावच्या एका बागायतदार अण्णांनी आपल्या उसाच्या फडाचं चित्र सांगितलं होतं. शैला तीन दिवस जाऊन बसली. सकाळचं धुकं, मागे डोंगर, मध्ये ऊस. मला विचाराल तर छान झालं होतं.

अण्णा न्यायला आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, आमचा ऊस एवढा बारीक न्हाई."

फड लांब आहे, म्हणून तसा दिसतो, असं शैलाने समजावून सांगितलं. अण्णांना ते पटेना. भावकी येणार, चित्र बघणार, हसणार. तेवढा ऊस जरा जाड करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

"ऊस जाड करायचं काम तुमचं, अण्णा. तुम्ही खत घाला, मी पुन्हा येऊन काढते."

अण्णा चित्र न घेता निघून गेले. आठ दिवसांनी दारात जीप थांबली. अण्णांनी मनगटाएवढे जाड पाच ऊस आणून चित्राशेजारी भिंतीला उभे केले आणि खोटं कोण ते आता बघा म्हणाले.

शैलाने ऊस नीट पाहिले. मला आतून कोयता आणायला सांगितला, कांडी केली आणि सगळ्यांच्या हातात एकेक दिली. अण्णांच्याही. "गोड आहे," म्हणाली, "पण जाड करणार नाही."

पुराव्यादाखल आणलेला ऊस अण्णांनी स्वतःच चावून संपवला आणि चित्र घेऊन गेले. आता ते त्यांच्या हॉलमध्ये आहे. येईल त्या पाहुण्याला ते आधीच सांगतात, "लांबनं काढलंय. म्हणून बारीक दिसतंय."

*

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागद तसाच कोरा सोडतात. हे मला लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं, तर लोकांना कुठून कळणार?

पाचगणीला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. वाईच्या घाटावर वाळत घातलेल्या धोतरांचं चित्र होतं. एका सरकारी ऑफिसातले साहेब त्याच्यासमोर थबकले आणि इथे रंग द्यायचा राहिलाय, असं त्यांनी हळूच निदर्शनास आणून दिलं.

"राहिला नाही, ठेवलाय," शैला म्हणाली. "तिथे हात न लावणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम आहे."

साहेब गंभीर झाले. "म्हणजे काही न करणं हेच काम? मग मॅडम, एकदा आमच्या ऑफिसात याच. सगळे आर्टिस्ट भरलेत!"

त्यानंतर घरात माझ्या वाटणीची भांडी राहिली की मीही पांढरं ठेवलंय म्हणून सांगायचो. हे एकदाच चाललं. "ते सिंक आहे, कागद नाही," असं उत्तर आलं आणि विषय मिटला.

*

जतकडे आम्ही एकदा उन्हाळ्यात गेलो. शैलाला माळावरची मेंढरं काढायची होती. एका वस्तीवर मायाक्का नावाच्या म्हातारीची मेंढरं बाभळीखाली बसलेली दिसली. शैलाने तिथेच बैठक मारली आणि म्हातारीकडे पाणी मागितलं. म्हातारीने तांब्या भरून दिला. शैलाने त्यात ब्रश बुडवला.

मायाक्का बघतच राहिली. "बाई, प्यायचं पानी हाय ते. टँकर आता गुरुवारी."

शैला ओशाळली. तिला ओशाळलेली मी फार वेळा पाहिलेली नाही. त्या एकाच तांब्यात तिने सगळं स्केच काढलं, पाणी बदललं नाही. आभाळ मळकट आलं. मी तसं म्हणालो, तर वर बघ म्हणाली. वरही तसंच होतं. उरलेलं गढूळ पाणी मायाक्काने तिच्याकडून कडुलिंबाच्या रोपाला घालून घेतलं.

मग स्केच हातात घेऊन म्हातारी एकेका मेंढरावर बोट ठेवत गेली. "बावीस हायेत माजी. कमी काडलीस तर चालायचं न्हाई." भरली एकोणीस. ज्या बाईने अण्णांचा ऊस सुतभर जाड केला नाही, तिने मुकाट्याने बाभळीमागची तीन मेंढरं पुढे आणून बसवली. निघताना शैलाने गॅलरीचं कार्ड दिलं. वाचता येत नसतानाही मायाक्काने ते कमरेच्या पिशवीत नीट ठेवलं.

घरी आल्यावर शैलाने त्याच स्केचवरून मोठं चित्र सुरू केलं. नळाला पाणी असूनही एकाच तांब्यात. आभाळ झालं, माळ झाला, मेंढरांच्या जागा कोऱ्या सोडल्या. त्यांच्या सावल्या उद्या देते म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. ती घरी आली नाही.

*

भेटायला येणारी माणसं भली असतात. सगळी एकच प्रश्न विचारतात. चित्रं काढणारी गेली, आहेत ती संपणार, आता हे किती दिवस चालवणार?

मी सांगतो, "रोज पाच ते आठ. सोमवारी बंद."

*

एक ड्रॉइंगचे सर आहेत. शैलाला फार मानायचे. एकदा स्वतःचे ब्रश घेऊनच आले. मॅडमचं शेवटचं चित्र असं अपुरं बघवत नाही, फक्त सावल्या देतो, कुणाला कळणारही नाही, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, त्यामुळे मी आवाज चढवला नाही.

"सर, तुम्हीही पेपर तपासता, मीही तपासतो. वेळ संपली म्हणून उरलेलं उत्तर आपण लिहितो का? जेवढं लिहिलंय तेवढ्याला मार्क द्यायचे."

सरांनी ब्रश पिशवीत ठेवले. पुढच्या आठवड्यात वर्गातली मुलं घेऊन आले आणि त्यांना त्या चित्रासमोर अर्धा तास बसवलं. एका मुलीने याला किती मार्क, असं विचारलं. सर म्हणाले, "पेपर माझ्याकडे नाही तपासायला."

*

शैलाचा धाकटा भाऊ विलास. बहिणीवर जीव होता त्याचा. म्हणूनच त्याला या खोल्यांत बसवत नाही. या वर्षी त्याने गॅलरी बंद करायचं मनावरच घेतलं. कोचिंग क्लासवाले एक गृहस्थ शोधले आणि एका रविवारी संध्याकाळी मला न विचारता त्यांना घेऊन आला. सोबत मोजायची टेप. "दाजी, तुम्ही एकटे इथे बसता ते आम्हाला बघवत नाही," एवढं बोलून त्याने टेपचं एक टोक क्लासवाल्यांच्या हातात दिलं. मी चहा ठेवायला आत गेलो. नाही म्हणायची तयारी मी दोन वर्षं केली होती, पण तिच्याच भावाला म्हणायची नव्हती केली.

बाहेर आलो तर दारात मायाक्का उभी. नातीला इथल्या नर्सिंग कॉलेजात सोडायला आली होती. नातीच्या हातात ते कार्ड होतं.

शैला गेल्याचं मी सांगितलं. म्हातारी चालत मेंढरांच्या चित्रापाशी गेली. चित्राला काच आहे. काचेवर बोट टेकवत ती एकेका कोऱ्या जागेवरून पुढे सरकू लागली, ओठांत मोजत. विलासची टेप खोलीच्या मध्यावर ताणलेलीच राहिली.

"एकवीस," मायाक्का म्हणाली.

मी गणिताचा माणूस. दोन वर्षं रोज तीन तास त्या चित्रासमोर बसलो, पण मोजायचं मला सुचलं नव्हतं. बाविसावं चुकून राहिलं असेल, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"चुकंल कशी? मोजून नेलती तिनं." मग तिने टेपकडे बघितलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. ही जागा बंद करावी असं यांना वाटतं, असं मी खरं ते सांगितलं.

मायाक्का उंबऱ्यावर टेकली. चहाचा कप हातात घेतला.

"आमी सांजंला मेंढरांभवती जाळी लावतू," ती विलासला म्हणाली. "पर एक जरी मागं आसंल, तर तेवढं तोंड उघडं ठेवतू."

क्लासवाल्यांनी घड्याळात पाहिलं. विलासने त्यांच्या हातातलं टोक सोडवून घेतलं, टेप खिशात घातली, चष्मा पुसला आणि चित्राजवळ गेला. काचेवर बोट ठेवून मोजायला लागला. एकदा डावीकडून मोजलं. मग उजवीकडून.

"एकवीसच आहेत, दाजी," तो म्हणाला. आठ वाजून गेले होते. शटर खाली ओढायला आम्हा दोघांपैकी कुणीच पुढे झालं नाही.