किल्लीची पाळी

सल्लागार म्हणजे कोण, हे आम्हाला आधी नीट कळलं नव्हतं. आम्ही बाया ज्या संस्थेत काम करतो तिच्या ताईंनी सांगितलं की पुण्याहून दोघं जण येणार आहेत, एक सर आणि एक मॅडम. संस्था कशी वाढवायची, काम कसं मोठं करायचं, हे सांगायचाच त्यांचा धंदा आहे. आमच्यातल्या एकीनं विचारलं, म्हणजे डॉक्टर होत का ते? ताई हसल्या, म्हणाल्या तसंच समजा, फक्त ते माणसाची नाही, संस्थेची नाडी पाहतात. त्यावर ती बाई म्हणाली, "मंग औषध कडूच देतीन."

औषध कडूच निघालं, आणि ते माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. मी ते प्यायले नाही. तेवढंच इथं लिहायचं आहे.

आमची शेड मोहाडीकडच्या एका गावात आहे. तिथं आम्ही बाया कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, सूत काढतो. कोसे उकळायचे, सोलायचे आणि त्यातला धागा लहान मशीनवर ओढून घ्यायचा. पूर्वी हेच काम बाया मांडीवर धागा वळून करत, मांडीची साल निघायची. आता मशीन आहेत. सूत विणकरांच्या घरी जातं. शेडमधल्या अर्ध्या बाया त्या विणकरांच्याच घरच्या, अर्ध्या आमच्यासारख्या धानवाल्यांच्या. उकळलेल्या कोशाचा वास अंगाला, लुगड्याला, पोळीलाही लागतो. आधी घरचे नाक मुरडत. आता नाही मुरडत.

शेडला एकच कुलूप आणि त्याची एकच किल्ली. सुरुवातीला ही किल्ली कोणाकडे राहावी यावरून भांडण झालं होतं. मी ते पाहिलं आहे. विणकरांच्या बाया म्हणत आमच्याकडे, धानवाल्या म्हणत आमच्याकडे. मग एका म्हाताऱ्या बाईनं तोड काढली. तिनं म्हटलं, तलावाच्या पाण्याची पाळी असते तशी किल्लीची पाळी लावा. एका वर्षी एकीकडे, दुसऱ्या वर्षी दुसरीकडे, शेडमध्ये ज्या ओळीनं आल्या त्याच ओळीनं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची पीडा घेऊन जाणारी मारबतीची बाहुली गावाबाहेर नेतात त्या सकाळी, किल्ली पुढच्या बाईकडे जाते. तोपर्यंत धानाचं निंदणही आटोपलेलं असतं आणि बाया मोकळ्या असतात.

जिच्याकडे किल्ली, ती त्या वर्षी शेडची मालकीण. ती कोसे वाटून देते. कोणी कुठं बसायचं ते ती सांगते. विणकर आला, बँकेचा माणूस आला, पाहुणे आले, तर बोलायचं तिनंच. बाकीच्या मागं बसतात. घरात जिचा आवाज चुलीपलीकडे गेला नाही, अशी बाईही त्या वर्षी बोलायला लागते. चांगली बोलते असं नाही. पण बोलते.

मला ती किल्ली हवी होती. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. लोकांना वाटतं जी बाई बोलत नाही तिला काही नको असतं. माझं लग्न झालं त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या किल्ल्या माझ्या सासूच्या कमरेला आहेत. कपाटाची, धानाच्या कोठीची, मागच्या दाराची. साखर संपली तरी मी मागूनच घेते. सासू वाईट नाही, मला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही. पण स्वतःच्या हातानं एखादं कुलूप उघडण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही.

शेडमध्ये मला सासूनंच आणलं. तिच्यामागं माझं नाव लागलं. म्हणून किल्ली तिच्याकडे आली तेव्हा मला माहीत होतं, पुढच्या मारबतीला माझी पाळी. त्याच वर्षी सल्लागार आले.

माणसं चांगली होती. खाली सतरंजीवर बसली, आमच्या हातचा चहा प्यायली, वासानं तोंड वाकडं केलं नाही. सरांनी भिंतीवर मोठा कागद लावला आणि एकेक प्रश्न विचारला. हिशेब कोणाला येतो? चारचौघांत कोण बोलू शकतं? भांडण झालं तर कोण मिटवतं? ज्यांना येतं त्यांनी हात वर करा.

शेडमध्ये तेव्हा सासवाही होत्या आणि सुनाही. आमच्याकडे सासू समोर बसलेली असताना सून हात वर करून "मला येतं" असं म्हणत नाही. कोणी तसं शिकवलेलं नाही, पण हात उठतच नाही. माझ्या सासूनं हात वर केला. दुसऱ्या एका सासूनं केला. आणि बी.ए. झालेल्या एका मुलीनं केला, ती गावचीच लेक, तिला लाजायला समोर कोणी नव्हतं. बाकी आम्ही सगळ्या पदर नीट करत बसलो. सरांनी प्रत्येक प्रश्नाला हात मोजले आणि कागदावर लिहिले. आम्हाला वाटलं, झालं, एक खेळ होता तो संपला.

पोळा जवळ आला तेव्हा ते पुन्हा आले. या वेळी पडदा आणि त्यावर चित्र पाडणारी मशीन घेऊन. पडद्यावर आमची नावं होती. हात वर करणाऱ्या तिघींची हिरवी, बाकी साऱ्यांची राखाडी. सरांनी समजावून सांगितलं की संस्थेला वाढायचं असेल तर दरवर्षी माणूस बदलून चालणार नाही, देणगीदाराला एक कायमचा चेहरा लागतो. म्हणून किल्ली फिरणं बंद करावं. सध्या जिच्याकडे आहे तिच्याकडेच ती राहावी, तिला केंद्रप्रमुख म्हणावं, बी.ए. झालेली मुलगी तिला मदत करील. एवढं झालं तर दुसरी शेड मिळेल, नवीन मशीन मिळतील. राखाडी बायांसाठी त्यांनी प्रशिक्षण ठेवलं होतं. ताई म्हणाल्या, दोन दिवस विचार करा, मग ठरवू.

सध्या जिच्याकडे किल्ली होती, ती माझी सासू.

एरवी सासू घरी आल्यावर शेडची किल्ली खिळ्याला लावायची; त्या दोन दिवसांत तिनं ती कमरेलाच ठेवली. भाकरी थापताना ती कोठीच्या किल्लीवर आपटून वाजायची. नवऱ्याला मी एवढंच म्हटलं की या वर्षी माझी पाळी होती. त्यानं ताटातून मान वर केली नाही. म्हणाला, "आईजवळ राहिली काय अन् तुह्याजवळ राहिली काय, घरातच तर आहे."

त्याचं म्हणणं त्याच्या जागी सरळ होतं. मला मात्र ते वाक्य रात्रभर टोचलं. घरात तर सगळंच होतं. साखरही घरातच होती.

ठरवायच्या दिवशी शेड भरली होती. मशीन बंद ठेवली होती. मॅडमनी विचारलं, कोणाला काही शंका आहे का? ताई कागद गोळा करायला लागल्या. मी कधी उठले ते मला आठवत नाही. आधाराला मी मशीनचं हँडल धरलं होतं, एवढं आठवतं.

"मले किल्ली पाहिजे," मी म्हटलं.

बाया हसल्या. वाईट मनानं नाही, मी बोलले याचंच हसू आलं त्यांना. शेजारची म्हणाली, "अवो, तुह्या घरातच तर आहे ते. आणखी काय पाहिजे?"

"घरात नाही पाहिजे. माह्या कमरेले पाहिजे."

मग कोणी हसलं नाही. सासूनं माझ्याकडे पाहिलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चढा नाही. "चार लोक पाहून राहिले. बस खाली."

"नाही बसत, आत्याबाई."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले यावर मला आजही विश्वास बसत नाही. पण निघाले, आणि मी ते परत घेतले नाहीत. घेणारही नाही.

सरांना काय चाललं ते पूर्ण कळलं नसावं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, तुम्हाला जबाबदारी हवी होती तर त्या दिवशी हात का वर केला नाही? मागून एका सुनेनं उत्तर दिलं, "सासूसमोर कोणती सून हात वर करते, सर? तुमच्या घरी करतेत काय?" आता मात्र सगळी शेड हसली, सासवाही हसल्या. मॅडमही हसल्या, मग एकदम थांबल्या आणि पडद्यावरच्या राखाडी नावांकडे पाहत राहिल्या.

सरांनी तरी विचारलंच. म्हणाले, मग खरं सांगा, तुम्हाला हे काम येतं का? हिशेब, बोलणं, सगळं?

मी चौथी शिकलेली. खोटं कायले बोलू? म्हटलं, नाही येत. जिच्या जिच्याकडे किल्ली गेली, तिला तिला पहिल्या दिवशी येत नव्हतं. सासूकडे आली तेव्हा तीही विणकर समोर आला की पदरात तोंड घालत होती, हे साऱ्यांनी पाहिलं आहे. मी हे बोलत होते तेव्हा सासूचं तोंड काळं पडलं, ते मला दिसलं. मी थांबले नाही. तलावाच्या पाण्याची पाळी आली की धानाच्या बांधीचा, त्या वावराचा मालक हुशार आहे की मुका आहे हे कोणी विचारत नाही, पाणी त्याचं असतं, असं मी म्हटलं.

"पण भीती नाही वाटत?" मॅडमनी विचारलं.

"भेव लागते. भेव लागते म्हणून पाळी जात नाही."

ताईंनी मला बाजूला घेतलं. त्यांनी प्रेमानंच समजावलं की दुसऱ्या शेडचा प्रश्न आहे, आणखी किती बायांना काम मिळेल, एका वर्षाच्या पाळीसाठी एवढं मोठं काम अडवायचं का. हे खरं होतं. ते ऐकून माझी मान खाली गेली, आणि कदाचित मी बसलेही असते. पण ओळीत माझ्यामागं जिचं नाव आहे ती विणकराची सून उठली. ती माझ्यासाठी उठली नव्हती. तिनं सरळ विचारलं, "अन् हिच्यानंतर माह्यी पाळी हाय, माह्यं काय?" मग तिच्यामागची, मग आणखी एक. आवाज इतका वाढला की सरांनी पडद्याची मशीन बंद केली आणि पडदा पांढरा झाला. एक म्हातारी म्हणाली, "मारबत येऊनच राहिली आहे, हा कागदही तिच्यासंगं धाडून द्या." सर तिला विचारत होते मारबत म्हणजे काय. कोणी सांगितलं नाही.

शेवटी ताईंनी ठरवलं, किल्ली फिरत राहील. मॅडम जाताना माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या की त्या हे वेगळ्या पद्धतीनं लिहितील, देणगीदाराला समजावून सांगतील. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं असेल. पण दुसरी शेड आम्हाला मिळाली नाही. ती दुसऱ्या गावात गेली, जिथं एकच बाई कायमची प्रमुख आहे. नवीन मशीनही तिकडेच गेली.

मारबतीच्या सकाळी सासूनं किल्ली माझ्या हातात दिली नाही. पोरं रस्त्यानं ओरडत गेली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत," आणि ती अंगणात उभी राहून पाहत होती. आत येऊन तिनं किल्ली सोडली आणि पाट्यावर ठेवली, मिरचीच्या शेजारी. मग गाईकडे गेली. मी किल्ली उचलली. तिला सासूच्या कमरेची ऊब होती. मी ती करदोड्याला बांधली आणि शेडकडे निघाले. कुलूप पहिल्यांदा उघडलं नाही, उलट्या बाजूनं फिरवत होते.

त्यानंतर बोलणी खावी लागली, अजूनही खाते. कोणाच्या घरी काम कमी झालं, कोणाच्या लेकीला शेडमध्ये जागा नाही, की बोट माझ्याकडे. मागच्या आठवड्यात कोसे वाटताना एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली की हिच्या एका पाळीपायी नवी शेड गेली, नाहीतर आज आपण कुठल्या कुठं असतो. मी कोसे मोजत होते. मोजतच राहिले.

सासू तिच्या मशीनवर बसली होती, मी सांगितलेल्या जागी. घरी ती माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. तिनं धागा ओढता ओढता, कोणाकडे न पाहता म्हटलं, "तिची पाळी होती."

ती बाई आपले कोसे घेऊन जागेवर गेली. मी सासूच्या टोपलीत तिच्या वाटणीचे कोसे टाकले. जास्त नाही, कमी नाही. आणि पुढच्या बाईकडे गेले.