मोठ्या डिस्कवरची लग्नं

स्टुडिओतले किस्से लग्नाच्या शूटिंगसारखे असतात. साठत जातात, पुसायला कुणी धजत नाही. आमचा स्टुडिओ बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात. लग्नांच्या फिल्म मी कापतो आणि सगळं एका मोठ्या डिस्कवर राहतं. शेठजींचा नियम असा, की जोडप्याच्या पहिल्या बाळाचं बारसं होईपर्यंत त्यांचं लग्न पुसायचं नाही. अपशकुन असतो म्हणे. त्यामुळे सीझनमध्ये डिस्क फुल्ल.

*

पूर्वी डिस्क भरली की शेठजी मला हाक मारायचे. मी एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून साइज बघत बसायचो. चहा गार व्हायचा, पण मान होता.

मग बहादरपूरची भारती कामाला लागली. तिनं काळी स्क्रीन उघडली, एक कमांड मारली, आणि सगळे फोल्डर मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत उभे. प्रत्येकापुढं जाड-बारीक पट्टी.

"अरे वा," शेठजी म्हणाले, "ये तो डिस्क का एक्स-रे है!"

माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू?

*

एक्स-रेत फोपनारचं एक जुनं लग्न वर आलं. शेठजींनी मुलाच्या आईला फोन लावला. "ताई, घरी काही गोड बातमी? नाही, आमच्याकडे जागा कमी पडतेय."

ताई म्हणाल्या, "थांबा, स्पीकरवर टाकते. सुनेलाच विचारा."

शेठजींनी फोन ठेवून दिला. मी भारतीकडे बघून हसलो. बरं वाटलं.

*

एकदा सगळ्यात जाड पट्टी एकाच फाइलची निघाली. ड्रोनवाला कॅमेरा बंद करायला विसरला होता, वरातीऐवजी नुसती केळीची बाग. मी म्हटलं, पुसा. भारती म्हणाली, आधी विचारू. नवऱ्याचे वडील पेनड्राइव्ह घेऊन धावत आले. "लग्न राहू द्या, आधी हे द्या. कोणत्या कोपऱ्यात करपा लागलाय ते वरून दिसतंय."

जाताना तिला केळीचा घड देऊन गेले. मला एक केळं मिळालं, तेही तिनं दिलं.

*

शेवटी शेठजींच्या मुलीचं, पिंकीचं लग्न ठरलं. फिल्म मीच कापणार, त्यात विचारायचं काय? तरी विचारलं. शेठजी म्हणाले, "देखते हैं." ते शब्द मला जेवू देईनात.

भारती कोणती बटणं दाबते, ते मी चोरून शिकून घेतलं होतं. एका सकाळी कमांड मारली. सगळ्यात जाड पट्टीचं नाव, भारती! सगळ्यांना बोलावलं. "शेठजी, बघा, डिस्क कोण खातंय ते."

एंटर मारलं. आत माझ्याच फिल्म. प्रत्येकीशेजारी तिची जोडीदारीण, तेच शूटिंग, पण भारतीनं कापलेलं.

"शिकायला ठेवल्या होत्या," ती म्हणाली.

शेठजींनी तिची एक लावली आणि शेवटपर्यंत पाहिली. पाठवणीला चष्मा काढून पुसला.

माझी मात्र छाती फुगली होती. शेवटी शिकली कुणाकडून? मी मोठ्या मनानं म्हटलं, "राहू दे गं, ठेव माझ्या फिल्म."

"नको दादा. ह्या सगळ्यांची बारशी झालीत. तुमच्या पुसल्या तरी चालतील, मला आता लागत नाहीत."

शेठजींनी चष्मा परत चढवला. "चला, पिंकीच्या लग्नाला जागा झाली."