काशीचे सासरचे नाव

दप्तराचा रुमाल सोडण्यापूर्वी ते गृहस्थ त्यावर बोटाच्या पेराने टकटक करीत आणि कान जवळ नेत. नारळ घेताना गिऱ्हाईक आत पाणी आहे की नाही ते ऐकते, तसे. मग मान हलवून म्हणत, "ह्यात न्हाई वाटत, साहेब. तरी बगा सोडून."

रुमाल म्हणजे जुन्या कागदांचे, फडक्यात बांधलेले गाठोडे. अशा गाठोड्यांच्या खोलीत माझी बरीच नोकरी गेली. नवा जिल्हा झाला तेव्हा जुन्या जिल्ह्यातून लातुरात ट्रक भरभरून दप्तर आले. ते लावून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. कचेरीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा खोल्या तुम्हीही पाहिल्या असतील. माणसे तिथे कामापुरती येतात आणि धुळीने शिंकत लवकर निघून जातात. हे गृहस्थ मात्र बाजाराच्या दिवशी न चुकता येत आणि शेवटच्या बसपर्यंत बसत.

चाकूरजवळच्या एका गावात त्यांचे लहानसे दुकान होते. ऊद, विभूती, कुंकू, फुटाणे, असे काहीबाही विकत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यातले लिंग. आवाज बारीक, देह मात्र भक्कम. येताना कागदाच्या पुडीत फुटाणे आणीत. मी पहिल्याच दिवशी बजावले की कचेरीत कोणाकडून काही घेत नाही.

"तुमाला कोन द्यायलंय, साहेब?" ते म्हणाले. "उंदरांना आनलंय. फुटाने खाल्ले तर कागद खानार न्हाईत."

आमचा शिपाई तोंडाळ होता. रुमालावर टकटक सुरू झाली की तो दारातून ओरडे, "काय मामा, कागदाला काय पानी असतंय का?"

"पानी असतं तर काशी कशाला गेली असती बाबा?" ते वर न पाहता म्हणत.

काशी त्यांची बहीण. थोरली. लग्न होऊन पलीकडच्या तालुक्यातल्या एका गावी गेली. मोठ्या दुष्काळात त्या गावच्या विहिरी आटल्या. तिचे घर खडी फोडायच्या कामावर गेले, ते कामही पुरेना, तेव्हा बैलगाडीत भांडी घालून किनवटकडे निघाले. तिकडे जंगल आहे, पाणी आहे, असे कोणीतरी सांगितले होते. पुढे हिमायतनगरच्या स्टेशनावर त्यांना पाहिल्याचे एक बैलांचा व्यापारी सांगत आला. त्यानंतर काहीच नाही. घरात लिहिता येणारे कोणी नव्हते.

आई होती. डोळ्यांनी अधू. आमच्याकडे पंचमीला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. दर वर्षी आखाड सरत आला की म्हातारी विचारू लागे, मुराळी गेला का? "मुराळी मीच," गृहस्थ मला म्हणाले. "जायला तयार हाय. पन कुटं जावा, ते गाव तर पायजे. म्हातारीचं डोळं मिटायच्या आदी एकदा काशीला तिच्या म्होरं बसवली की झालं. दुसरं काय न्हाई मागत मी."

काम अवघड वाटले नाही. मतदार यादी आहे, शिधापत्रिकांची नोंद आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे. माणूस सरकारच्या नजरेतून सहसा सुटत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. मी टाक घेतला.

"बहिणीचे नाव?"

"काशी."

"ते माहेरचे. सासरचे सांगा."

"ते कसं ठावं आसंल, साहेब? नाव तिकडं गेल्यावर बदलत्यात. आमी हिकडं मांडव सोडायलो होतो."

"सोबत कोणी गेले असेल."

"पाठराखीन मनून आत्या गेलती. तिला ठावं होतं. ती दुष्काळाच्या आदीच वारली."

"नंतर कधी विचारले नाही?"

"कामून इचारावं? माहेराला आली की काशीच की ती. सासरच्या नावानं हाक मारली तर आईनं मुस्काट फोडलं असतं माजं."

"मेव्हण्यांचे नाव?"

"दाजी."

"कागदोपत्री काय?"

ते शिपायाकडे पाहून म्हणाले, "तू तुज्या दाजीला नावानं बोलवतूस का रे?" शिपायाने जीभ चावली. "आडनाव स्वामी," ते अखेर म्हणाले, मोठा शोध लावल्यासारखे.

आमच्या भागात लिंगायतांच्या बहुतेक गावांत स्वामींची घरे आहेत. वाचकांनी हसू नये. आपल्या आत्याचे सासरचे, शिधापत्रिकेवरचे नाव आपल्याला सांगता येते का, हे आधी स्वतःला विचारून पाहावे. मी त्या दिवशी विचारले. मला आले नाही.

काशीच्या सासरी जाऊन चौकशी करा, असे मी सांगितले. ते आधीच जाऊन आले होते. स्वामींना जमीन नव्हती, त्यामुळे सातबारा नाही. घराच्या भिंती राहिल्या होत्या. त्या घरात दोन चुलत भाऊ एकत्र नांदत. गाव दोघांनाही अप्पा म्हणे. दोघांच्या बायकांबद्दल विचारले तर एक म्हातारा म्हणाला, "कोनती तुमची? दोगीबी गोऱ्या, दोगीबी चाकूरकडच्या." काशी हे नाव तिथे कोणी ऐकलेले नव्हते. दोन्ही कुटुंबे एकाच गाडीतून गेली, एवढे मात्र सर्वांना ठाऊक होते.

त्या गावची दुष्काळापूर्वीची मतदार यादी सापडायला पावसाळा गेला. जिल्हा वाटताना काही गठ्ठे इकडचे तिकडे गेले होते. गृहस्थ प्रत्येक बाजाराला येत, पेराने वाजवीत, न्हाई वाटत म्हणत. ज्या दिवशी यादी निघाली त्या दिवशीही त्यांनी त्या रुमालाला न्हाई वाटत असेच म्हटले होते.

यादीत ते घर होते. पार्वती भ्र. शिवलिंग स्वामी. महादेवी भ्र. गुरुलिंग स्वामी. भ्र. म्हणजे भ्रतार, आमच्या जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव असे लिहितात. दोघींची वयेही सारखीच लावलेली होती. लिहिणाऱ्याने अंदाजाने लावली असावीत.

मी दोन्ही नावे वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "परत वाचा." मी वाचली. "आजून एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली. "दोन्ही परक्याच वाटत्यात, साहेब. काशीसारखी एकबी न्हाई."

"त्या दोघींतली एक तुमची बहीण आहे," मी म्हणालो.

"व्हय. पन कोनती ते ती आल्यावर सांगंल की."

नांदेडच्या बाजूला माझ्यासारख्याच कामावर असलेला एक जुना परिचित होता. त्याला मी दोन्ही जोडप्यांची नावे कळवली. त्याने किनवटच्या खेड्यांची दप्तरे पाहिली, आणि बऱ्याच दिवसांनी उत्तर दिले. दुष्काळाच्याच साली, जंगलालगतच्या एका गावी, महादेवी भ्र. गुरुलिंग स्वामी ही बाई तापाने मयत झाल्याची नोंद आहे. नातेवाइकाने येऊन अर्ज केल्यास नक्कल देता येईल. पार्वतीची किंवा दोघींच्या नवऱ्यांची निराळी नोंद कुठेही नाही.

बाजाराच्या दिवशी मी त्यांना हे सांगितले. शिपाई दारातच उभा होता.

"ही आमची का?" त्यांनी विचारले.

"सांगता येत नाही."

"तुमाला काय वाटतंय?"

"मला वाटून उपयोग नाही. कागदात आहे तेवढेच मी सांगू शकतो."

"कागदात आमची हाय का दुसऱ्याची, ते लिवलेलं आसंल की कुटंतरी."

"नाही."

मी म्हणालो, नांदेडला जाऊन नक्कल काढा. त्या गावी जा. गुरुलिंगाला ओळखणारा कोणी भेटेल, तो काही सांगेल.

"नक्कल घेतली की ती मेली, साहेब," ते म्हणाले. "न्हाई घेतली तर मेली ती कोनतरी महादेवी. काशी हाय मग. पंचमीला म्हातारीला काय सांगू, तुमीच सांगा."

त्यांनी फुटाण्यांची पुडी खिडकीत ठेवली आणि गेले. त्यानंतर ते पूर्वीसारखेच येत राहिले, पण किनवटचा विषय कधी काढला नाही. इतर तालुक्यांच्या याद्या पाहायला सांगत. निलंगा बघा, उदगीर बघा. काशी तिकडे गेलेली नाही हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. मी रुमाल सोडत राहिलो. यात सरकारी वेळेचा अपव्यय झाला असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे.

एकदा तपासणीच्या कामाने चाकूरला गेलो असता त्यांच्या गावावरून आलो. त्यांनी जीप थांबवली आणि दुकानाच्या मागच्या घरात नेले. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. पावले ऐकून तिने तोंड वळवले.

"कोन हाय?"

"लातूरचे साहेब, आई. मी सांगत आसतो ते. कागदावाले."

म्हातारीने हात पुढे करून माझे मनगट धरले. पकड वयाच्या मानाने घट्ट होती. "काशीचा ठाव लागला का बाबा?"

ते गृहस्थ माझ्यामागे उभे होते. मी त्यांच्याकडे वळून पाहिले नाही. होय म्हणणे खोटे, नाही म्हणणे कदाचित त्याहून खोटे. कचेरीत अर्जदाराला द्यायचे एक ठरीव उत्तर आहे, तेच माझ्या तोंडून निघाले.

"शोध चालू आहे."

"चालू ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली आणि तिने मनगट सोडले. "चालू हाय तवर बरं हाय."

मग तिने लेकाला, साहेबांना चहा टाकायला सांग म्हणून दटावले. चहात साखर फार होती.

म्हातारी पुढच्या उन्हाळ्यात वारली. मला ते शिपायाकडून कळले. त्याचा कोणी नातलग त्या गावचा होता. मी बाजाराच्या दिवशी वाट पाहिली. ते आले नाहीत. नंतरही आले नाहीत. आले ते बाजार नसलेल्या एका आडवारी, सकाळी, कचेरी उघडताच. हातात पुडी नव्हती. रुमालांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"नांदेडचा अर्ज लिवून द्या, साहेब," ते म्हणाले. "नक्कल काढायची हाय. त्या महादेवीची."

"ती तुमची बहीण असल्याचे काही कळले का?"

"न्हाई."

"मग?"

"आता कळून कोनाला सांगायचंय? आई हुती तवर काशी मरून चालत नव्हतं. ती बाई इतकी वर्सं तितं पडलीय. काशी आसंल तर माजी. काशी नसंल, तर तिचाबी भाऊ कुटंतरी टकटक करत बसला आसंल, त्याला ठाव लागला न्हाई. कोनीतरी एकानं जावं की."

मी कागद घेतला. गाव, तालुका, मृताचे नाव, पतीचे नाव, हे मी न विचारता लिहिले. ते मला पाठ झाले होते. पुढचा रकाना अर्जदाराचे मृताशी नाते. तिथे माझा टाक थांबला. पुराव्यावाचून तो रकाना भरू नये असा नियम आहे, आणि नियम योग्यच आहे.

"भाऊ लिवा," ते म्हणाले.

मी लिहिले. त्यांनी अंगठा उमटवला, शाई सदऱ्याला पुसली, आणि कागद वाळेपर्यंत फुंकर घालीत उभे राहिले.

त्या दिवशी मी कचेरी सोडून बसस्थानकापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. चाकूरची गाडी लागलेली होती. कंडक्टर ओळखीचा असावा. त्याने "चला मालक, जागा हाय" म्हणून हाक दिली. त्यांनी हातानेच नको म्हटले आणि ते नांदेडच्या गाडीत चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. त्यांनी एकदा पाहिले, नमस्कारासाठी हात उचलला, पण हातात अर्ज होता म्हणून तो अर्धाच वर आला. मग गाडी हलली.

ते किनवटला पोचले का, तिथे त्यांना कोणी काही दाखवले का, हे मला ठाऊक नाही. ते परत कचेरीत आले नाहीत. निवृत्त होण्यापूर्वी एकदा मी त्यांच्या गावी उतरलो होतो. दुकानाला कुलूप होते. शेजाऱ्याने सांगितले, "पंचमी जवळ आली न, साहेब. किनवटला गेल्यात. दर साली जात्यात."