भरतीच्या आधीचं व्याख्यान

आधी मावशीचं सांगतो. डहाणूला जिच्या मागच्या खोलीत आम्ही भाड्याने राहतो, ती मावशी. बंदरावर बोटीची मासळी घेते, वाळवते, विकते. सगळं बंदर तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. माझी मुलगी आज इथल्या शाळेत जाते आहे ती तिच्यामुळे. बाकीचं त्यानंतर.

मी विद्यापीठाच्या इथल्या छोट्या केंद्रात शिपाई आहे, कंत्राटावर. आमचं गाव जालन्याकडे. आईबाप ऊसतोडीला जायचे. आठवीत मीही कोयता घेतला आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर बायकोही त्याच गाडीत बसली. मग ओळखीतून ही नोकरी मिळाली आणि आम्ही तिघं इतक्या लांब, समुद्राकाठी येऊन पडलो. मुलगी पहिलीत आहे. दिवाळीनंतर वर्गातून उठून फडावर न गेलेलं आमच्या घरातलं हे पहिलंच पोर.

दर हिवाळ्यात विद्यापीठाची विज्ञानाची व्याख्यानं असतात. लोकांसाठी, फुकट, मराठीतून. शिकलेली माणसं बाहेरून येतात. एक व्याख्यान तलासरीला, एक डहाणूला. माझं काम बॅनर बांधणं, खुर्च्या मांडणं, माईक लावणं, चहा देणं आणि मग हेच सगळं उलटं करणं. विज्ञान मी दारात उभा राहून ऐकतो. तेही निम्मंच, कारण निम्मं लक्ष रिकाम्या खुर्च्यांकडे असतं.

यंदा केंद्राच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते कधी ओरडत नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटते. म्हणाले, "वरून विचारणा झाली आहे. या दोन ठिकाणी माणसं येत नाहीत, मग खर्च का करायचा? यंदाही तसंच झालं तर व्याख्यानं बंद. आणि व्याख्यानंच नसतील तर तुझं कंत्राट वाढवा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मी बरं म्हणालो. 

तलासरीचं व्याख्यान आधी झालं. मातीतल्या बारीक जिवांवर होतं. पाड्यापाड्यांवर जाऊन मी सांगून आलो होतो आणि खरंच माणसं आली. मागे काही जण उभेसुद्धा होते. मला वाटलं, सुटलो. बोलणारे पाहुणे रंगात आले आणि तेवढ्यात निम्मा हॉल उठला. पायांचा आवाज होऊ नये म्हणून बायका चपला हातात घेऊन निघाल्या. पाहुण्यांचा चेहरा पडला. मी धावत बाहेर गेलो, "अहो काका, थांबा की, अजून संपलं नाही."

काका जीपच्या मागच्या फळीवर लटकत म्हणाले, "सर लय चांगले सांगतेत रे. पण ही शेवटची जीप. तुझे सर सोडणार का आम्हाला घरी?"

सर परतताना गाडीत एकच वाक्य बोलले. "आता डहाणूवर आहे सगळं." मी खिडकीतून चारोटीकडचे दिवे बघत बसलो. घरी गेल्यावर जेवण ताटातच राहिलं.

डहाणूला बाहेरच्या एक मॅडम बोलणार होत्या; विषय चंद्र आणि भरती-ओहोटी. म्हणून ऑफिसने मुद्दाम पुनवेचा दिवस धरला होता. दुपारी चार वाजता, हॉलमध्ये. सगळ्यांनाच ते शोभणारं वाटलं. मलाही वाटलं. आमच्याकडे पुनवेला कीर्तन असतं, माणसं निवांत येतात.

पत्रक घेऊन मावशीकडे गेलो. ती बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून बांबूवर टाकत होती. हात न थांबवता म्हणाली, "वाच. मला चष्मा नाय."

मी वाचलं.

"पुनवेला?" ती हसायलाच लागली. "ए, ऐकलंस काय?" तिने पलीकडच्या वहिनीला हाक मारली. "याचे साहेब पुनवेला शाळा भरवतेत, चार वाजता!"

"मग बोंबील कोण टांगणार, त्यांची बायको?" वहिनी म्हणाली.

मग मावशीने मला समजावलं. पुनवेला, अवसेला उधाण. पाण्याला ओढ असते, जाळ्यात मासळी येते, बोटी सगळ्या बाहेर. दुपारच्या भरतीला आत आल्या की संध्याकाळपर्यंत बाईला पाणी प्यायला वेळ नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी मंद. बोटी काठाला, माणसं जाळी शिवत बसलेली. "तेव्हा ठेवलं असतं तर अख्खं बंदर आणलं असतं. कोरड्या गावचा तू, तुला काय माहीत. पण तुझे साहेब तर इथलेच ना?"

माणसं आली नाहीत तर माझी नोकरी जाईल, मग पोरीला घेऊन पुन्हा फडावर, हे मी तिला सांगून टाकलं.  हात पुसून ती जवळ आली.

"पोरीचं नाव काढायचं नाय शाळेतून," ती म्हणाली. "ऐक. भरतीच्या आधी आम्ही सगळ्या बंदरावर बोटींची वाट बघत बसतो. हातात काम नाय, नुसत्या गप्पा. तेव्हा आण तुझ्या पाहुणीला. बसवायची जबाबदारी माझी."

सरांना सांगितलं. ते म्हणाले, बॅनर झाला, हॉल ठरला, मॅडमचं तिकीट झालं, आता काही हलवायचं नाही. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्यावरही कुणीतरी आहेच.

पुनवेच्या सकाळी मॅडमना घ्यायला मी स्टेशनवर गेलो. चाळिशीच्या असतील, पाठीवर सॅक. रिक्षात बसल्यावर सगळं सांगून टाकलं.

"सरांना विचारलंत?" त्या म्हणाल्या.

"विचारलं. तारीख बदलता येणार नाही म्हणाले."

"पण तारीख कुठे बदलतोय आपण? आजच तर आहे." आणि त्यांनी रिक्षातूनच सरांना फोन लावला. चारचं हॉलमध्ये ठरल्याप्रमाणे होईल, पण त्याआधी बंदरावर, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

मावशीने शब्द पाळला. बांबूंच्या सावलीत बायका मासळीच्या पाट्या उलट्या घालून बसल्या होत्या, म्हातारे होते, दोन-तीन गावकीतले. पडदा नाही, माईक नाही. मॅडमनी एक पाटी घेतली, एक नारळ मागून घेतला आणि वाळूत उकिडव्या बसून सुरू केलं. आज सूर्य आणि चंद्र एका रेषेत, दोघांची ओढ एकत्र, म्हणून उधाण.

"मग भांगाला काय होतं? चंद्र रुसतो?" वहिनीने विचारलं.

"रुसत नाही. एक इकडे ओढतो, एक तिकडे."

"म्हणजे आमच्या घरासारखंच!" सगळं बंदर हसलं. मॅडमही. मग प्रश्न थांबेचनात. अष्टमीच्या दोन दिवस पुढेच पाणी जास्त मंद का, पहाटेची भरती आणि दुपारची भरती सारखी का नसते. मॅडम काहींची उत्तरं देत होत्या, काहींना म्हणत होत्या, "थांबा, हे कागदावर मांडून बघावं लागेल." सर पॅंट दुमडून, बूट हातात धरून कडेला उभे होते. मी माणसं मोजत नव्हतो. आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच मी एक व्याख्यान सबंध ऐकत होतो.

सबंध म्हणजे बोटी दिसेपर्यंत. पहिलं निशाण दिसलं आणि सगळ्या एकदम उठल्या. पाट्या उचलल्या गेल्या. मॅडमच्या हातातली पाटीसुद्धा. मला तलासरीची शेवटची जीप आठवली.

"झालं?" मॅडम म्हणाल्या.

"पाणी आलं, बाई," मावशी पदर खोचत म्हणाली. "तुम्ही बोललात तसंच आलं. आता त्याच्याकडे बघायला नको?"

चार वाजता हॉलमध्येही व्याख्यान झालं. कोसबाडच्या शाळेची मुलं आली होती, पुढच्या दोन ओळी. बाकी खुर्च्या मी एकट्याने मांडल्या आणि एकट्याने उचलल्या. पण मॅडमनी परत जाऊन वर कळवलं की पुढल्या वर्षी त्या पुन्हा येतील, बंदरावरच, आणि दिवस तिथल्या बायका सांगतील तो. तलासरीचंही शेवटच्या जीपच्या आधी संपवा. सरांनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "एक वर्ष वाढलं तुझं."

एक वर्ष. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हीच धाकधूक, हे मला कळतं. खरं सांगायचं तर थकलोय. पण जूनमध्ये मुलगी दुसरीत बसेल.

मावशीला सांगायला गेलो तर तिने वाळलेले बोंबील बायकोच्या हातात कोंबले आणि मलाच विचारलं, "तुझ्या गावाला खरंच समुद्र नाय? मग माणसं दिवसभर बघतेत काय?"

मावशी, मी तुला दाखवीन. एकदा माझी नोकरी जरा घट्ट होऊ दे, एखाद्या भांगाला तुला गावी नेईन. आईच्या हातची ज्वारीची भाकरी खाऊ घालीन आणि लिंबाखाली बाज टाकून बसवीन. तिथून फक्त रान दिसतं. कुठली बोट यायची नसते. दिवसभर तुला कुणाची वाट बघावी लागणार नाही.