काटोलात संत्र्याचं एकही झाड नाही

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरातल्या ज्या कार्यालयात मी प्रोग्रॅमर म्हणून लागलो, तिथे जिल्ह्यातल्या संत्र्याच्या झाडांची मोजणी चालली होती. गावोगावचे फॉर्म गठ्ठ्यांनी येत, ऑपरेटर ते कॉम्प्युटरमध्ये टाइप करत, आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम तालुकावार यादी छापून देई. मी पुण्याहून सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो. अख्ख्या इमारतीत प्रोग्रॅम लिहिणारा मी एकटाच होतो, आणि हे लोकांना माझ्या नुसत्या चालण्यावरूनही कळावं अशी मी काळजी घेत असे.

पहिली यादी निघाली तेव्हा साहेबांनी ती कौतुकाने हातात घेतली आणि एक प्रत बाहेरच्या नोटीस बोर्डावर लावायला सांगितली. वाचली मात्र कोणीच नाही. मीही नाही. यंत्राने काढलेली यादी तपासून पाहणं मला कमीपणाचं वाटत होतं.

ती वाचली काटोलच्या एका बागाइतदाराने. तो आला होता भलत्याच कामासाठी. बोर्डापुढे दोन मिनिटं उभा राहिला, मग सरळ साहेबांच्या खोलीत शिरला आणि हातातली थैली त्याने टेबलावर पालथी केली. पंधरा-वीस संत्री फायलींवरून गडगडत गेली.

"साहेब, तुमच्या बोर्डावर लिहून हाय का काटोल तालुक्यात झाडं शून्य. मंग हे काय होय? आलू होय का? सकाळीच तोडले माह्या बगीच्यातून."

साहेबांनी मला बोलावलं. मी म्हणालो, "कॉम्प्युटर चुकत नाही, सर."

"मंग मी चुकून राहिलो का?" बागाइतदाराने विचारलं. त्याच्याकडे पुरावा होता, माझ्याकडे नव्हता.

दुपारपर्यंत ही बातमी कँटीनला पोचली. चहावाला मला संत्र्याची फोड पुढे करून म्हणाला, "खा ना भाऊ. काटोलचा नाही, तवा डरू नका."

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्स इंजिनिअर आला. त्याने यंत्राचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि जाहीर केलं की दोष धुळीचा आहे. यापुढे सगळ्यांनी चपला-बूट दाराबाहेर काढायचे. भर डिसेंबरात, त्या एसीच्या खोलीत, आम्ही मोज्यांवर काम करू लागलो. साहेबांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सगळ्या स्टाफने पाहिला. यादी पुन्हा काढली. काटोल शून्य.

मग साहेबांना एक कल्पना सुचली. "काटोलचं स्पेलिंग तुम्ही 'के'ने केलंय. 'सी'ने करून बघा." मी सांगितलं की प्रोग्रॅम नाव पाहतच नाही, तालुक्याचा नंबर पाहतो, आणि काटोलचा नंबर दहा आहे. "तरी बघा," साहेब म्हणाले. मी पाहिलं. 'सी'च्या काटोलातही झाडं नव्हती.

चार दिवस मी माझा प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. घरी जेवताना आई विचारी, "काय झालं रे?" आणि मी म्हणे, "काटोल." शेवटी वैतागून मी काटोलचा एकच फॉर्म स्वतः टाइप केला. यादीत काटोलला झाडं आली! एका गावाची, पण आली. म्हणजे प्रोग्रॅमला काटोलचं वावडं नव्हतं. मी टाइप केलेलं त्याला चालत होतं आणि आधी टाइप केलेलं चालत नव्हतं. दोन्ही कागदावर छापून शेजारी-शेजारी ठेवले तर जुळ्या भावांसारखे दिसत होते.

काटोलचे सगळे फॉर्म एका बाईंनी टाइप केले होते. त्या मूळच्या काटोलच्या. तलाठ्यांच्या अक्षरातली तिकडच्या गावांची नावं त्यांनाच लागत, म्हणून गठ्ठा त्यांनी मागून घेतला होता. वीस-बावीस वर्षं त्या टाइपरायटरवर होत्या, निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"काहून जी भाऊ, काय पाहून राहिले?"

"काही नाही बाई. तुम्ही टाइप करा."

त्यांनी सुरुवात केली. वाऱ्यासारखी बोटं. फक्त वरच्या ओळीतली शून्याची कळ होती तशीच राहिली. तिच्याकडे एकदाही बोट गेलं नाही.

"बाई, आत्ता दहा लिहिताना काय दाबलं?"

"एक अन् शून्य."

"हा शून्य नाही. हा 'ओ' आहे."

बाईंनी चष्मा सारखा करून पडद्याकडे पाहिलं. "गोल हाय ना? आमच्या मशीनवर शून्य नव्हताच बाप्पा. 'ओ'च दाबत होतो. इतक्या वर्षांत एका साहेबानं टोकलं नाही."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. कारण पुढचं मला कळलं होतं. आकड्याच्या जागी आकडा नसेल तर ती नोंद गुपचूप सोडून दे, असं प्रोग्रॅमला मीच शिकवलं होतं. यादी स्वच्छ दिसावी म्हणून. काटोलच्या प्रत्येक फॉर्मवर दहा होतं, आणि प्रत्येक दहात 'ओ' होता. यंत्राने सगळा तालुका गिळला आणि ढेकरही दिला नाही.

मी हे सांगताच साहेब वरच्या ऑफिसला खुलासा लिहायला बसले: "ऑपरेटरच्या चुकीमुळे..." दारात बाई उभ्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणालो, "सर, चूक माझी लिहा. नोंद नको असेल तर प्रोग्रॅमने तसं ओरडून सांगायला हवं होतं." हे वाक्य बोलायला मला जेवढा त्रास झाला तेवढा प्रोग्रॅम लिहायलाही झाला नव्हता. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "तांत्रिक कारणामुळे, असं लिहितो," ते म्हणाले.

मी प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी घातल्या: आकड्यात 'ओ' आला तर शून्य धर, आणि ज्या नोंदी सोडल्या त्यांची वेगळी यादी छाप. काटोल परत आलं, भरगच्च. पण सोडलेल्या नोंदींच्या यादीत कामठीची चार गावं निघाली, कळमेश्वरची दोन. ती ट्रेनिंग घेतलेल्या तरुण ऑपरेटरांनी टाइप केली होती, आकड्याच्या जागी भलतीच अक्षरं पडली होती. त्यांच्या तालुक्यांच्या बेरजेला शून्य आलं नव्हतं, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

तो कागद बाईंनी माझ्या हातातून घेतला आणि खोलीच्या मधोमध, मोज्यांवर उभं राहून, एकेक गाव मोठ्याने वाचून दाखवला. कामठीवाल्या मुलीपाशी येऊन म्हणाल्या, "काय वं, इथं बोट कुठं ठेवलं होतं तू?" ती लाजली, बाकीचे हसले.

पुढे बाई निवृत्त होईपर्यंत रोज सकाळी सोडलेल्या नोंदींची यादी आधी त्यांच्या टेबलावर जाई. त्या लाल पेन घेऊन बसत, आणि त्यांच्या खुणा झाल्याशिवाय मी बोर्डावर काही लावत नसे.