ओसाड माळावरची जागल

भूत, चकवा, करणी हे विषय मी आयुष्यभर एकाच कप्प्यात ठेवत आलो. कथा विभाग, खालून दुसरा. मी बीडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, त्यामुळे हे शब्दशः खरं आहे. या सदरातले इतरांचे अनुभव वाचताना माझ्या मनातल्या हातात लाल पेन असतं, हेही कबूल करतो. आज तेच पेन कुणी माझ्या मजकुरावर चालवलं तर तक्रार नाही. जेवढं ऐकलं तेवढंच लिहितोय.

मुळात प्रश्न झोपेचा होता. माझ्या नव्हे, माझी झोप आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे. प्रश्न माझ्या बायकोच्या, मंगलच्या झोपेचा होता. माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला रात्री एकला, तीनला आणि पहाटे साडेचारला कुशीवर वळवावं लागे. ते मंगल करायची. "तुम्हाला सकाळी कॉलेज असतं," असं ती म्हणाली आणि मी ते जरा जास्तच लवकर मान्य केलं. तीन वर्षं मी शेजारी घोरत होतो. लिहायला सोपं नाही, पण घडलं ते असं.

आई गेली. त्यालाही वर्ष होत आलं, तरी मंगल एकला, तीनला, साडेचारला उठतच राहिली. गजर नाही, हाक नाही. अंधारात आईच्या खोलीपर्यंत जायची, रिकामी कॉट बघून परत यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, तळपायाला तूप चोळून झालं. एकदा गॅसवर दूध ठेवून तिला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि पदर पेटता पेटता राहिला. त्या दिवशी मात्र मी घाबरलो.

अशात तिचा चुलतभाऊ अंकुश घरी आला. अंकुश राजकारणात आहे, फक्त राजकारणाला ते अजून कळलेलं नाही. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना डोंगराच्या अंगाला त्याचा एक माळ आहे. नुसता खडक. तिथं त्यानं तंबू ठोकून 'भव्य निसर्ग निद्रा शिबिर' काढलं होतं, दोन रात्रींचं.

"दाजी, आक्काला घिऊन याच. लई मोकळी हवा हाय. मानूस आडवा पडला की गेला!"

"गेला म्हणजे?"

"झोपी हो! तुमी बी ना..."

गेलो. जानेवारी होता, चांगलीच थंडी. माळाच्या तोंडाशी फ्लेक्स — मध्ये अंकुश, भोवती त्याचे शुभेच्छुक, बहुतेक सगळे गॉगल घातलेले. निद्रेचा विषय असल्यामुळे हे एका परीनं योग्यच होतं. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आणि 'शांत झोपेचे महत्त्व' या विषयावर कर्ण्यातून पाच भाषणं. तिसऱ्या भाषणात निम्मे शिबिरार्थी माना टाकून झोपले, म्हणजे उद्देश तिथंच सफल झाला. टक्क जागी होती ती फक्त मंगल.

आमचा तंबू सगळ्यात वरच्या बाजूला होता. शेजारी कुणी नाही. दोन गाद्या, दोन रजया, आणि चेन लावली की आपण पिशवीत भरलेल्या कांद्यासारखे. मंगल दहाला झोपली. एकला उठली. चेन चाचपडायला लागली.

"कुठं निघालीस?"

"आत्यांकडं..." सासूला ती आत्या म्हणायची. मग तिच्या लक्षात आलं. हात चेनवर तसाच ठेवून ती बसून राहिली. 

तेवढ्यात वरून, कड्याच्या बाजूनं, हाक आली.

"हाय का कुणीऽऽ?"

पुरुषाचा आवाज. वयस्कर, निवांत. मला वाटलं, अंकुशचा कुणी गडी असेल. गप्प बसलो. थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक. पुन्हा गप्प बसलो. अपरात्री अनोळखी माणसाला उत्तर देऊ नये, अशी माझी शहरी शिस्त. मग खडकावर काठीचा आवाज ऐकू आला. टक्... टक्... पावलं खाली येत होती. ती आमच्या तंबूपाशी येऊन थांबली. कुणीतरी घसा खाकरला.

मंगलनं मला कोपर मारलं. "अहो, ओ द्या की! जागलीवाला हाय त्यो." आणि स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "हाय, हायऽऽ! समदं ठीक हाय!"

काठी वळली. टक्... टक्... पुन्हा वर गेली.

तीस वर्षं बीडमध्ये काढलेली माझी बायको एका हाकेसरशी माहेरच्या, चकलांब्याच्या बोलीत गेली होती. रजई ओढून घेत तिनं मला समजावलं. तिचे वडील, दादा, ज्वारी राखायला रात्री शेतात असायचे, रानडुकरांपायी. त्याला जागल म्हणतात. लहानपणी तीही हट्टानं जायची आणि शेतातल्या मचाणावर त्यांच्याशेजारी झोपायची. अधूनमधून या शेतातला माणूस हाक घालणार, त्या शेतातला ओ देणार.

"ओ न्हाई आली की मग बघाया यावं लागतं. साप चावला का, पडला बिडला का. तुमी कावून गप बसले? म्हातारं मानूस उगं खाली उतरलं." मग आवाज जड होत गेला. "दादा जागे असले ना... की आपल्याला काई..."

वाक्य अर्धंच राहिलं. तिला झोप लागली होती.

तासाभरानं पुन्हा हाक आली. मी धडपडत उठून बसलो, भुताच्या नव्हे, मंगल उठेल या भीतीनं. मी चेन हळूच उघडली, मुंडकं बाहेर काढलं आणि कानटोपी सावरत दबक्या आवाजात म्हणालो, "हाय, हाय..." एवढ्या हळू दिलेली ओ कड्यापर्यंत कशी पोचली असेल, हा विचार तेव्हा आला नाही. पोचली एवढं खरं, कारण काठी खाली आली नाही.

रात्रभर मी तेच केलं. तीन वाजले, मी श्वास रोखून बसलो. तिनं कूस बदलली फक्त. साडेचार वाजले. तंबूवर ऊन आलं, लोकांचे चहाचे पेले वाजायला लागले, तरी ती झोपलेलीच. चार वर्षांत पहिल्यांदा.

उठली ती साडेआठला. गालावर उशीच्या घड्या उमटलेल्या. न्याहारीला तिनं दुसरी भाकरी मागून घेतली आणि मला म्हणाली, "त्या मानसाला च्या तरी नेऊन द्या. रातभर जागलंय बिचारं."

मी चहाचा पेला घेऊन अंकुशला गाठलं.

"जागलीवाला?" तो हसला. "दाजी, हितं राखायचं काय हाय? दगडं?"

"वरच्या अंगाला कुणाचं शेत असेल."

"वर कडा हाय, फारेस्टाचा. तिकडं शेळीबी जात न्हाई."

"मग तुझा गडी असेल."

"माजे गडी दहालाच पडले, दाजी. शिबिराचा खरा फायदा त्यांलाच झाला." मग जरा आठवून म्हणाला, "आज्याच्या टायमाला ह्या माळावर बी ज्वारी व्हायची म्हंत्यात. आता मातीच ऱ्हायली न्हाई."

मी पेला घेऊन वर चढून पाहिलं. खडक, निवडुंग, वाळलेलं कुसळ. चहा गार व्हायला लागला तसा मीच पिऊन टाकला. खाली येऊन मंगलला सांगितलं, "घेतला त्यानं चहा. इथंच असतो म्हणाला." खरं काय ते सांगायचं, हा माझा एरवीचा बाणा. पण तिचे ते झोपून आलेले डोळे बघितले आणि बाणा वगैरे राहू द्यावा असं वाटलं.

दुसऱ्या रात्री ती खुशीत आडवी झाली. एकला उठली आणि हाकेची वाट बघत पडून राहिली. हाक आली नाही. दीड वाजला.

"आज आला न्हाई का हो?"

"येईल."

"बरं नसंल का त्याला?" ती उठून बसली. चेनकडे बघत. तो चेहरा मी वर्षभर पाहिला होता.

लघवीला जाऊन येतो म्हणालो आणि टॉर्च घेऊन निघालो. पन्नास-साठ पावलं वर गेलो, एका मोठ्या दगडाआड उभा राहिलो. उभी हयात लोकांना 'शांतता राखा' सांगण्यात गेलेली. घसा साफ केला आणि जमेल तसा आवाज जाड करून हाक घातली, "हाय का कुणीऽऽ?"

खालून तंबूतून लगेच आलं, "हाय, हायऽऽ!" आवाजात एवढी सुटका होती की मला तिथंच भरून आलं. काम झालं, आता निघावं म्हणून वळलो...

आणि वरून, कड्यापासून, तो कालचा निवांत आवाज म्हणाला, "बरं, बरं. आता तू बी नीज जा. मी हाय."

प्रतिध्वनी म्हणाल, तर तो आपलेच शब्द परत देतो, स्वतःचे घालत नाही. अंकुशचा बनाव म्हणाल, तर अंकुश फ्लेक्स लावल्याशिवाय काही करत नाही. टॉर्च हातात होता, वर का मारला नाही, असंही विचाराल. भीती वाटली म्हणून नव्हे. तुमची पाळी मी घेतो असं कुणी म्हणालं, तर त्याच्या तोंडावर उजेड मारत नाहीत, एवढंच.

तंबूत आलो तर मंगल गाढ झोपलेली. मी जागं राहायचं ठरवून आडवा झालो. पुढचं आठवतं ते ऊन.

त्यानंतर घरीही तिची झोप सुधारली. अजून एखाद्या रात्री तीनला डोळे उघडतात, पण ती कूस बदलते आणि झोपते. याचं स्पष्टीकरण देता येईल. मोकळी हवा, बालपणाची आठवण, मनाचे खेळ. पण दगडाआड उभं राहून मी जे ऐकलं, ते माझ्या मनात येण्यासारखं नव्हतं. मला कुणी नीज म्हणावं, असं मी काही केलेलंच नव्हतं.

"नाव तरी इचारायचं त्याचं," परवा मंगल म्हणाली.

"राहून गेलं," मी म्हणालो. त्या माणसाबद्दल मी तिला सांगितलेली तेवढी एकच गोष्ट खरी आहे.